‘विद्यार्थी-खेळाडू’: एका शब्दाने सत्तर वर्षं टाळलेलं बिल

आजच्या भागात एका शब्दाचा इतिहास सांगणार आहे. शब्द आहे ‘स्टुडंट-ॲथलीट’. मराठीत विद्यार्थी-खेळाडू म्हणूया. ऐकायला छान वाटतो ना? पोरगं अभ्यासही करतंय आणि मैदानही गाजवतंय. पण हा शब्द कुणा शिक्षणतज्ज्ञाने काढलेला नाही. अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडासंघटनेने तो १९५० च्या दशकात घडवला, आणि कशासाठी? तर जखमी खेळाडूंनी कामगार म्हणून भरपाई मागू नये यासाठी. हा माझा आरोप नाही बरं का. त्या संघटनेचा तेव्हाचा प्रमुख स्वतःच पुढे पुस्तकात हे लिहून गेलाय.

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायला सुरुवात केली. बातम्यांमध्ये त्याला क्रांती म्हटलं गेलं. पण तो शब्द अजून जागेवरच आहे. तो का टिकला, हाच आजचा विषय.

आधी हे कॉलेज स्पोर्ट्स प्रकरण समजून घेऊ

आपल्याकडे कॉलेजची टीम म्हटलं की काय आठवतं? इंटर-कॉलेज मॅच, टी-शर्टवर छापलेलं कॉलेजचं नाव, आणि प्रेक्षक म्हणून हॉस्टेलची पोरं. अमेरिकेत चित्र वेगळं आहे. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांहून जास्त माणसं बसतात. म्हणजे वानखेडे तीन वेळा भरेल, तेही विद्यार्थी खेळत असलेल्या मॅचला. तिकडे एमएस करायला गेलेल्या तुमच्या मित्राला विचारा, मॅचच्या शनिवारी अख्खं गाव कसं बदलतं ते तो सांगेल. (इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा.)

पैसा किती? एकट्या बास्केटबॉलच्या ‘मार्च मॅडनेस’ स्पर्धेच्या टीव्ही हक्कांचा २०१० मध्ये झालेला करार होता १४ वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरचा. कोट्यवधी डॉलर पगार घेणारे कोच तिथे आहेत. अनेक राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी कर्मचारी हा गव्हर्नर नसतो, सरकारी युनिव्हर्सिटीचा कोच असतो.

आणि मैदानावर हाडं मोडून घेणारा खेळाडू? त्याला शिष्यवृत्ती. म्हणजे फी, राहणं, जेवण, पुस्तकं. त्यापलीकडे कुणाकडून पैसे घेतले तर २०२१ पर्यंत बंदी होती. कारण तो ‘अमॅच्युअर’, आपल्या भाषेत हौशी. आपल्याकडच्या हौशी नाट्यस्पर्धेतला ‘हौशी’ असतो ना, तोच अर्थ. फरक इतकाच की आपल्या हौशी नाटकाच्या प्रयोगावर कुणी टीव्हीचे अब्जावधी डॉलर कमवत नाही.

सुरुवातच स्पॉन्सरशिपने झाली होती

गंमत बघा. अमेरिकेतली पहिली आंतर-कॉलेज स्पर्धा मानली जाते ती १८५२ मधली हार्वर्ड आणि येलची होड्यांची शर्यत. तिचा खर्च कुणी केला? एका रेल्वे कंपनीने. त्या तळ्यापर्यंत त्यांची गाडी जायची, त्यांना प्रवासी हवे होते. म्हणजे ‘पूर्वी सगळं शुद्ध होतं, आता पैसा घुसला’ हे वाक्य इथे पहिल्या दिवसापासून खोटं आहे.

पुढे फुटबॉल वाढला आणि हिंसाही वाढली. १९०५ च्या एका मोसमात डझनभराहून जास्त खेळाडू मैदानावरच्या दुखापतींनी गेले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं आणि खेळ सुधारा म्हणून सांगितलं. त्या गदारोळातून १९०६ मध्ये एक संघटना उभी राहिली. १९१० पासून तिचं नाव एनसीएए.

हे लक्षात ठेवा. खेळाडूंचे जीव वाचावेत म्हणून झालेल्या आरडाओरड्यातून ही संघटना जन्मली. पन्नासेक वर्षांनी हीच संघटना जखमी खेळाडूंची जबाबदारी कुणाची, या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला उभी असणार आहे.

कोलोरॅडोमधल्या दोन केसेस

आता कायद्यातली एक छोटी गोष्ट. कामगार भरपाईचा कायदा सौद्यासारखा असतो. कामावर असताना तुम्हाला इजा झाली, तर चूक कुणाची हे न बघता मालकाने, किंवा त्याच्या विमा कंपनीने, उपचार आणि भरपाई द्यायची. बदल्यात कामगाराने सहसा मालकावर वेगळा खटला भरायचा नाही. आपल्याकडेही १९२३ मध्ये असा कायदा आला. पण अट एकच: तुम्ही कामगार असायला हवं. सगळा खेळ या एका शब्दावर आहे.

पहिली केस, अर्नेस्ट नेमेथ. डेन्व्हर युनिव्हर्सिटीचा फुटबॉल खेळाडू. सरावात पाठीला मार बसला. कॅम्पसवर छोटीमोठी कामं करून त्याला महिन्याला ५० डॉलर मिळायचे, आणि साक्षीपुराव्यातून दिसलं की ते काम त्याला फुटबॉलमुळे मिळालं होतं. टीममधून गेला की कामही गेलं. १९५३ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हा युनिव्हर्सिटीचा कर्मचारी आहे, भरपाई द्या.

एनसीएएसाठी ही धोक्याची घंटा होती. कारण हा एक खेळाडू कर्मचारी ठरला, तर उद्या देशभरातले हजारो ठरतील.

दुसरी केस, रे डेनिसन. याच राज्यातल्या फोर्ट लुईस कॉलेजकडून खेळताना १९५५ मध्ये त्याच्या डोक्याला मार बसला आणि तो गेला. त्याच्या पत्नीने भरपाई मागितली. प्रश्न सरळ होता: शिष्यवृत्तीवर खेळणाऱ्याचा मैदानावर मृत्यू झाला, तर तो कामावरचा मृत्यू का नाही? १९५७ मध्ये त्याच न्यायालयाने तिच्या विरोधात निकाल दिला. मुद्दा असा की कॉलेजचा काही फुटबॉलचा धंदा नाही, आणि डेनिसनला खेळण्यासाठी कामावर ठेवल्याचा करारही दिसत नाही. कुटुंबाला भरपाई मिळाली नाही.

या सगळ्या काळात एनसीएएचे प्रमुख होते वॉल्टर बायर्स. १९५१ पासून साडेतीन दशकं त्यांनी ही संघटना चालवली. १९५६ मध्ये खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती द्यायला अधिकृत परवानगी मिळाली. म्हणजे खेळण्याच्या बदल्यात काहीतरी मिळतंय हे आता कागदावर आलं. मग कोर्टात सांगायचं काय? तेव्हा ‘स्टुडंट-ॲथलीट’ हा शब्द आला. सगळ्या नियमांत ‘प्लेअर’च्या जागी हाच शब्द वापरायचा अशी सक्ती झाली. इतकंच नाही, कॉलेजच्या टीमला ‘क्लब’ म्हणायचं नाही, कारण क्लब व्यावसायिकांचे असतात. एखाद्या कोडबेसमध्ये फाइंड-अँड-रिप्लेस मारावं, तसं.

बायर्स यांनी हे १९९५ च्या आपल्या पुस्तकात स्वतः मांडलं. निवृत्तीनंतर ते आपणच उभ्या केलेल्या व्यवस्थेचे कडक टीकाकार झाले होते. पण तोवर शब्द इतका मुरला होता की तो कधीतरी बनवला गेला होता, हेही लोक विसरले होते.

केंट वॉल्ड्रेप

१९७४ चा ऑक्टोबर. टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचा केंट वॉल्ड्रेप अलाबामाविरुद्ध खेळत होता. टॅकलमध्ये पडला आणि मानेखाली लकवा झाला. विशीतला मुलगा. युनिव्हर्सिटीने साधारण नऊ महिने उपचारांचा खर्च दिला, मग थांबवला. पुढचं कुटुंबाने आणि देणग्यांनी निभावलं.

१९९० च्या दशकात त्याने कामगार भरपाईचा दावा केला. राज्याच्या आयोगाने आधी त्याच्या बाजूने निकाल दिला, पण विमा कंपनी कोर्टात गेली आणि २००० मध्ये अपील कोर्टात तो हरला. त्यातला एक युक्तिवाद नीट ऐका. शिष्यवृत्तीच्या कागदांना एनसीएएचे नियम लागू होते, आणि त्या नियमांनुसार खेळण्याचा पगार घ्यायला बंदी होती. म्हणजे दोन्ही बाजूंना हा नोकरीचा करार वाटतच नव्हता. शिवाय त्याने शिष्यवृत्तीवर आयकरही भरला नव्हता.

आम्ही डेव्हलपर लोक याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतो. तू कामगार का नाहीस? कारण तुला पगार नाही. तुला पगार का नाही? कारण नियमात बसत नाही. नियमात का बसत नाही? कारण तू कामगार नाहीस, विद्यार्थी-खेळाडू आहेस. कोर्टात हे चाललं.

आणि शिष्यवृत्ती तरी चार वर्षांची पक्की होती का? १९७३ पासून एनसीएएने ती एका वर्षाची केली, दरवर्षी नूतनीकरण. कामगार नाही म्हणायचं, पण कॉन्ट्रॅक्ट मात्र वर्षावर्षाचं.

१९८४: एक निकाल, दोन परिणाम

आता पैशाची बाजू. १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलच्या किती मॅच टीव्हीवर दाखवायच्या हे एनसीएए ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया युनिव्हर्सिटींनी याविरुद्ध खटला भरला. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे. कॉलेजांना आपापले करार करायची मुभा मिळाली आणि टीव्हीच्या पैशाचा नळ उघडला.

पण त्याच निकालात न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी जाता जाता असंही लिहिलं की कॉलेज खेळाचं वेगळेपण जपायचं तर खेळाडूंना पगार देता कामा नये, आणि हौशीपणाची परंपरा सांभाळायला एनसीएएला मोकळीक हवी. खरं तर खटला टीव्हीचा होता, खेळाडूंच्या पगाराचा नव्हताच. तरी पुढची पस्तीसेक वर्षं एनसीएएचे वकील हीच वाक्यं ढालीसारखी वापरत राहिले. निकालाचा अर्थ असा झाला: कॉलेजांना बाजार खुला, खेळाडूंना बंद.

विरोधी मत देणाऱ्या दोघांत न्यायमूर्ती बायरन व्हाइट होते. हे स्वतः एकेकाळी कॉलेज फुटबॉलचे स्टार, नंतर व्यावसायिक लीगमध्येही खेळलेले. त्यांचं म्हणणं होतं की सगळं बाजारावर सोडलं तर पैशाच्या शर्यतीत शिक्षण मागे पडेल. आज मागे वळून बघताना ते अगदीच चूक होते असं म्हणता येत नाही.

व्हिडिओ गेममधला एकतीस नंबर

एड ओबॅनन १९९५ मध्ये यूसीएलएच्या विजेत्या बास्केटबॉल संघाचा हिरो होता. काही वर्षांनी तो लास वेगसमध्ये गाड्यांच्या शोरूममध्ये काम करत होता. एका मित्राच्या घरी त्याला ईए स्पोर्ट्सचा कॉलेज बास्केटबॉलचा गेम दिसला आणि त्या गेममध्ये तो स्वतःच होता. ३१ नंबरची जर्सी, तीच चण, तोच डावखुरा हात. फक्त नाव नव्हतं.

कोड लिहिणारा माणूस म्हणून मला हे लगेच डोळ्यांसमोर येतं. टेबलमध्ये एक रो आहे. जर्सी नंबर भरलाय, उंची भरली, वजन भरलं, कुठल्या हाताने खेळतो तेही भरलंय. नावाचा कॉलम तेवढा रिकामा. कारण नाव टाकलं तर पैसे द्यावे लागतील.

२००९ मध्ये ओबॅननने खटला भरला. २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एनसीएएचे नियम मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाहीत असा निकाल दिला. वरच्या कोर्टाने तो काही अंशी छाटला, पण गाभा ठेवला. मधल्या काळात ईएने कॉलेज फुटबॉलचा गेमच बंद केला. तो परत आला थेट २०२४ मध्ये, आणि या वेळी प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत मिळाली. साधारण पन्नास हजार रुपये. नावाच्या कॉलमची ती किंमत.

त्याच सुमारास, २०१४ मध्ये, नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल खेळाडूंनी केन कोल्टर या क्वार्टरबॅकच्या पुढाकाराने युनियन करायची मागणी केली. त्यांच्या मागण्यांत उपचारांचा खर्च ठळकपणे होता. कामगार मंडळाच्या शिकागोच्या अधिकाऱ्याने त्यांना कर्मचारी मानलं, मतदानही झालं. पण २०१५ मध्ये मंडळाने ‘आम्ही यात पडत नाही’ म्हणत प्रकरण बंद केलं. मतपेट्यांतली मतं मोजलीच गेली नाहीत.

मग भिंत कोसळली, पण एकाच बाजूने

२०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला: खेळाडूला स्वतःचं नाव, चेहरा आणि ओळख वापरून जाहिरातीतून पैसे कमवायला कॉलेज अडवू शकणार नाही. इतर राज्यं मागे लागली. २१ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला. लॅपटॉप, पुढच्या शिक्षणाची मदत, इंटर्नशिप अशा शिक्षणाशी निगडित लाभांवर एनसीएए मर्यादा घालू शकत नाही. आणि १९८४ ची ती ढाल? न्यायालयाने सांगितलं, ती वाक्यं ओघात आलेली होती, बंधनकारक नाहीत. न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हानॉ यांनी वेगळं मत जोडलं. त्याचा आशय असा, की इतर कुठल्याही उद्योगात ‘आम्ही कामाचा योग्य मोबदला देत नाही, हेच आमच्या मालाचं वैशिष्ट्य’ असं म्हटलेलं खपवून घेतलं जाणार नाही.

दहाच दिवसांनी, १ जुलै २०२१ ला, खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. आणि ६ जून २०२५ ला त्याच न्यायाधीश विल्कन यांनी ग्रँट हाउस नावाच्या जलतरणपटूच्या नावाने चाललेल्या खटल्यातली तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंसाठी दहा वर्षांत साधारण २८० कोटी डॉलर. आणि यापुढे प्रत्येक कॉलेजला आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येतील, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत.

नवे वादही लगेच उभे राहिले. जुन्या भरपाईतला मोठा वाटा पुरुषांच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलला जाणार, म्हणून काही महिला खेळाडूंनी १९७२ च्या समानतेच्या कायद्यावर बोट ठेवून अपील केलं. संघातली खेळाडूसंख्या मर्यादित झाल्याने काहींच्या जागा जायची वेळ आली. पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स अशा खेळांचा खर्च मोठ्या कॉलेजांत बऱ्याचदा फुटबॉलच्या पैशातून निघतो. तो पैसा फुटबॉलवाल्यांकडेच गेला तर या खेळांचं काय? हा प्रश्न खरा आहे, नुसता बहाणा नाही.

परदेशी विद्यार्थ्यांची अडचण तर तुम्हाला सांगायला नको. एफ-वन व्हिसा, आठवड्याला वीस तास, तेही कॅम्पसवरच, हे गणित आपल्या कितीतरी घरांत पाठ आहे. तेच गणित खेळाडूंनाही लागू. कॅनडाचा झॅक ईडी पर्ड्यू युनिव्हर्सिटीकडून खेळताना सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरला, पण व्हिसामुळे जाहिरातींच्या कमाईत त्याचे हात बांधलेलेच होते.

आणि बिल?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. रे डेनिसनच्या पत्नीने १९५० च्या दशकात काय विचारलं होतं? जर्सीच्या विक्रीत वाटा द्या, असं नाही. गेममध्ये नाव टाका, असंही नाही. ती विचारत होती, हा कामावर असताना गेला, तर जबाबदारी कुणाची?

२०२५ ची तडजोड या प्रश्नाला हातच लावत नाही. पैसे मिळणार, पण कर्मचारी म्हणून नाही. एनसीएए आणि बरीच कॉलेजं तर संसदेकडे असा कायदा मागत आहेत की खेळाडू कर्मचारी नाहीत हे कायमचं लिहून टाका. २०२४ मध्ये एका केंद्रीय अपील कोर्टाने म्हटलं की हौशी म्हटलं म्हणून खेळाडू कर्मचारी ठरूच शकत नाही असं नाही, प्रत्येक ठिकाणी वस्तुस्थिती बघावी लागेल. त्याच वर्षी डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल संघाने १३ विरुद्ध २ मतांनी युनियनच्या बाजूने कौल दिला, पण सरकार बदलताना विरोधात निकाल लागेल या भीतीने वर्षअखेर अर्ज मागे घेतला. दार किलकिलं आहे, उघडलेलं नाही.

सुधारणा झालीच नाही असं नाही. अतिगंभीर दुखापतींसाठी एनसीएएचा विमा आहे. २०२४ पासून कॉलेज सोडल्यावरही दोन वर्षांपर्यंत खेळातल्या दुखापतीच्या उपचारांना विमा मिळतो. पण विमा योजना संघटना देते आणि संघटना बदलू शकते. कामगार भरपाई हा कायद्याने दिलेला हक्क असतो. एक मेहेरबानी, दुसरा अधिकार.

मला यातून दिसतं ते असं. पैसे वाटून घेणं तुलनेने सोपं असतं, त्यावर तडजोड होते. अवघड असतं ते नातं मान्य करणं, कारण एकदा ‘हा आमचा माणूस’ म्हटलं की त्याचा मोडलेला पायही आपला होतो. म्हणून भांडणं रकमेवर मिटतात आणि शब्द तसाच ठेवला जातो.

आपल्याकडेही असे शब्द आहेत. ट्रेनी, इंटर्न, अप्रेंटिस, डिलिव्हरी पार्टनर. सगळेच फसवे असतात असं नाही, काही खरंच शिकण्यासाठी असतात. पण ऑफर लेटर हातात आलं की पगाराच्या आकड्याआधी एकदा तो शब्द वाचा, आणि स्वतःला विचारा: उद्या काम करताना मला काही झालं, तर या शब्दामुळे बिल कुणाच्या नावावर फाटेल?

आजच्यापुरतं एवढंच. हा भाग तिकडे शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींना नक्की पाठवा, आणि त्यांच्या कॉलेजात हा वाद कसा चाललाय ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!